मान, नवस आणि मंच : धाराशिव जिल्ह्यातील लोकसंगीताच्या उत्सवांचा आढावा

लोकसंगीताच्या उत्सवाचा इतिहास लिहायला बसले की लेखणी आपोआप स्थापनेचे वर्ष शोधू लागते. संस्थापक कोण, पहिल्या वर्षी कोण कोण गायले, रौप्यमहोत्सव कधी झाला. धाराशिव जिल्ह्यात या वाटेने गेले तर हाती फारसे काही लागत नाही. इथे तुळजापूरचे शारदीय नवरात्र आहे, येरमाळ्याच्या येडेश्वरीची चैत्री यात्रा आहे, अणदूर आणि नळदुर्ग या दोन गावांनी वाटून घेतलेला खंडोबा आहे, तेरला गोरोबाकाकांची समाधी आहे आणि खुद्द धाराशिव शहरात ख्वाजा शमसुद्दीन गाझींचा उरूस भरतो. या ठिकाणी रात्रीच्या रात्री गाणे-बजावणे चालते. तिकीट नसते, निवेदक नसतो, आणि गाणाऱ्याचे नाव विचारायची पद्धतही नाही. यांतल्या एकालाही गावकरी संगीत महोत्सव म्हणत नाहीत.

मग हे सगळे चालते कशावर? माझे उत्तर असे की ते तीन खांबांवर उभे आहे : मान, नवस आणि मंच. मान म्हणजे पिढीजात हक्क, आणि त्याच्या पाठीला बांधून आलेली सक्ती. नवस म्हणजे माणसाने आपणहून पत्करलेले व्रत. मंच म्हणजे पैसा, मंडप आणि ध्वनिक्षेपक घेऊन आलेला नवा आयोजक. आपल्याकडे या विषयावर लिहिणारे बहुतेक जण मान गेला म्हणून हळहळतात, नाहीतर मंच आला म्हणून समाधान मानतात. मधला जो नवसाचा भाग, म्हणजे गावोगावचे आराधी मेळे, तो मात्र कुणाच्या हिशेबात नसतो. लोकांनी स्वतः चालवलेला संगीताचा उत्सव या जिल्ह्यात कुठे असेल तर तो तिथे आहे.

जुना धागा धरायचा तर उमरग्याच्या पुढे, आता कर्नाटकात असलेल्या बसवकल्याणपर्यंत जावे लागते. ही कल्याणीच्या चालुक्यांची राजधानी. ‘मानसोल्लास’ हा प्रचंड ग्रंथ ज्याच्या नावावर आहे तो तिसरा सोमेश्वर बाराव्या शतकात इथे राज्य करत होता. तेराव्या शतकातल्या ‘नृत्तरत्नावली’ या ग्रंथात जायसेनापतीने त्याची एक हकीकत नोंदवली आहे. कल्याणात भूतमातेच्या महोत्सवात भिल्लिणीच्या वेषातले नृत्य सोमेश्वराने पाहिले आणि त्यावरून ‘गोंडली’ नावाचा नृत्यप्रकार बांधला, अशी ती हकीकत. रा. चिं. ढेरे यांच्यासारख्या संशोधकांनी आजच्या गोंधळाचे नाते या गोंडलीशी लावले. ते नाते कुणाला पटेल, कुणाला पटणार नाही. मला त्यात दुसरीच गोष्ट महत्त्वाची वाटते. राजा उत्सवात जातो, लोकांचे नृत्य पाहतो, त्याला नीटनेटके करतो आणि दरबारात नेतो. लोककलेला मंचावर नेण्याचा उद्योग सांस्कृतिक खाते निघाल्यावर सुरू झाला, असे समजण्याचे कारण नाही.

सोळाव्या शतकात पैठणच्या एकनाथांनी गोंधळी, भुत्या, वाघ्या, जोगवा मागणारी बाई अशी सोंगे भारुडांत घेतली. भारूड ऐकणाऱ्याला रूपक उमगायचे तर मूळ सोंग त्याने आपल्या दारात पाहिलेले असले पाहिजे. म्हणून गोदावरीकाठापासून बालाघाटापर्यंत ही सगळी मंडळी तेव्हाही घरोघर फिरत होती, असे मानायला हरकत नाही.

मानाची व्यवस्था समजून घ्यायची तर तुळजापुरात जावे. देवळाचे वर्ष देवीच्या झोपेवर बेतलेले आहे. भवानीची मूर्ती चल आहे. वर्षातून तीनदा ती सिंहासनावरून उतरून पलंगावर निजते. भाद्रपदात नवरात्राआधी, अश्विनात सीमोल्लंघनानंतर कोजागरीपर्यंत, आणि पौषात शाकंभरी नवरात्राआधी. दसऱ्याच्या सीमोल्लंघनासाठी पालखी येते ती नगरजवळच्या बुऱ्हाणनगरहून आणि पलंग येतो घोडेगावहून. दोन्हींचे मान ठरलेले, आणण्याचे मार्ग ठरलेले. आत भोपे, पलंगे, महंत यांची कामे वाटलेली. बाहेर गोंधळी, आराधी, हलगीवाले. नवरात्रात रात्री छबिना निघतो तेव्हा संबळ कुणाचा, पोत कुणाच्या हातात, पुढे कोण आणि मागे कोण, यावर वाद घालायला वाव नसतो, कारण तो आधीच घालून झालेला असतो. निजामाच्या राजवटीत १९०९ साली ‘देऊल-ए-कवायत’ ही नियमावली झाली आणि देवळातल्या कामांना व हक्कांना लेखी चौकट मिळाली. पुढे देवस्थानचा कारभार जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालच्या मंदिर संस्थानाकडे गेला. राज्ये बदलली, जिल्ह्याचे नाव उस्मानाबादचे धाराशिव झाले, पण छबिन्यातली पाळी सहसा चुकली नाही.

या व्यवस्थेचा सांगीतिक परिणाम काय, हे फारसे कुणी मांडत नाही. तिने गाणाऱ्याला तीन गोष्टी दिल्या : वेळ, ऐकणारा आणि वारस. गोंधळाचे उदाहरण घ्या. लग्न झाले, जावळ झाले, की कुळाचार म्हणून गोंधळ घालायचाच. त्यामुळे ऐकणारे घर आधीच बांधलेले असते. नव्या कापडावर धान्याचा चौक भरतात, कलश मांडतात, वर ज्वारीच्या धांड्यांची किंवा उसाची खोपी उभी करतात, दिवटी पेटवतात. नायक उभा राहतो, मागे संबळ, तुणतुणे, झांज आणि झील धरणारे. आधी गण. मग देवदेवतांना गावाच्या नावानिशी बोलावणे : तुळजापूरची भवानी, माहूरची रेणुका, कोल्हापूरची अंबाबाई, जेजुरीचा खंडोबा. हे आवाहन म्हणजे महाराष्ट्राचा नकाशाच आहे, आणि निरक्षर माणसालाही तो पाठ असे. त्यानंतर आख्यान. ते रात्रभर चालते. नायक कथा सांगतो, साथीदार मध्येच शंका काढतो, टिंगल करतो, घरातल्या पाहुण्यांची नावे गोवतो, आणि श्रोत्यांना डुलकी लागली की संबळ चढतो. पहाटे आरतीने संपते. कदमराई गोंधळी भवानीचे आणि रेणुराई गोंधळी रेणुकेचे, अशी विभागणी. बाप चौक भरताना मुलगा शेजारी बसलेला असतो, म्हणून वेगळी शाळा लागली नाही.

संबळाबद्दल एक सांगितले पाहिजे. कमरेला बांधायची ही जोडी दोन काठ्यांनी वाजते आणि त्यातली एक काठी टोकाला वाकलेली असते. त्या वाकलेल्या काठीमुळे मोठ्या तोंडावर जो घुमारा निघतो तो चार भिंतींच्या आत कानठळ्या बसवतो आणि मोकळ्या पटांगणात अर्धा मैल जातो. म्हणजे वाद्य बनवणाऱ्याने जागेचा विचार केलेला आहे. देवळाच्या आवारात गोंधळासाठी कट्टा आहे तो उघड्यावर. तिथे दहा हात अंतरावर दोन गोंधळ एकाच वेळी चालू असले तरी ऐकणाऱ्याचा गोंधळ होत नाही. (हा विनोद जुना आहे, तुळजापुरात रोज ऐकू येतो.)

इतके झाल्यावर मानाची दुसरी बाजू सांगितली नाही तर ती लबाडी ठरेल. हलगी सुंदर वाजते, पण ती कुणी वाजवायची हे जातीने ठरवले होते. वाजवणाऱ्याला देवळाच्या पायरीपर्यंत बोलवायचे आणि पुढे थांबवायचे, हेही जातीनेच ठरवले होते. बलुत्यातले हे वाजवणे कला म्हणून मोजले गेले नाही. ते काम होते, नाही म्हणायची सोय नसलेले. याच जिल्ह्यातल्या कसबे तडवळ्याला फेब्रुवारी १९४१ मध्ये महार-मांग वतनदारांची परिषद भरली आणि तिला डॉ. बाबासाहेब आंबेडकर आले होते. वतन ही पायातली बेडी कशी आहे याची चर्चा तिथे उघडपणे झाली. १९५६ च्या धर्मांतरानंतर अनेक घरांनी देवीचे सोडले, पोतराजाचे केस कापले गेले, यात्रेत वाजवायला नकार दिला गेला. लोकसंगीताच्या अभ्यासकाला यात ‘परंपरेचा ऱ्हास’ दिसत असेल तर त्याने पुन्हा विचार करावा. तोच गळा आणि तोच ठेका भीमगीतांत गेला, आणि तिथे त्याला पहिल्यांदा स्वतःचा विषय मिळाला.

मुरळीचे तसेच. खंडोबाला मुली वाहण्याची चाल आणि देवीला सोडण्याची चाल या दोन्हींवर महाराष्ट्राने २००५ च्या देवदासी प्रथा निर्मूलन कायद्याने बंदीचे शिक्कामोर्तब केले. आज जागरणात नाचणारी-गाणारी मुरळी बहुधा व्यवसाय म्हणून येते, सुपारी ठरवून येते आणि घरी परत जाते. जागरणाची रंगत कमी झाली अशी कुरकुर जुनी माणसे करतात. करू द्यावी.

खंडोबाचा विषय निघालाच आहे तर अणदूर आणि नळदुर्ग इथली व्यवस्था पाहण्यासारखी आहे. दोन्ही गावे तुळजापूर तालुक्यातली. देव एक, देवळे दोन. मूर्ती सव्वादहा महिने अणदूरला राहते आणि पावणेदोन महिने नळदुर्गच्या मैलारपुरात. देव हलवताना दोन्हीकडचे मानकरी जमतात आणि लेखी करार होतो. मार्गशीर्षात अणदूरची यात्रा, पौष पौर्णिमेला नळदुर्गची. दिमडी, घोळ आणि तुणतुणे घेतलेले वाघे दोन्हीकडे सारखेच हजर. एखादा उत्सव लोक स्वतः चालवतात म्हणजे नेमके काय करतात, हे या करारातून कळते : भांडण होणार हे गृहीत धरतात आणि ते दरवर्षी नव्याने मिटवतात. कागद पुन्हा लिहायचा असल्यामुळे दोन्ही गावांना पुन्हा समोरासमोर बसावे लागते. अशा बैठकीला कुठल्याही सांस्कृतिक धोरणात जागा नाही, पण यात्रा टिकली ती तिच्यामुळे.

आता आराध्यांकडे वळू. आराधी कुणीही होऊ शकतो, ही पहिली गोष्ट. त्याला जातीची अट नाही, पुरुषच असावा अशीही नाही. आजारपणात बोललेला नवस, घरात चालत आलेली परडी, कधी अंगात येणे, कधी नुसती ओढ. गळ्यात कवड्यांची माळ पडली, हातात परडी आणि पोत आला, की मंगळवारी-शुक्रवारी पाच घरी जोगवा मागायचा आणि नवरात्रात देवीच्या दारी बसायचे. तुळजापुरात आराधवाडी नावाचा भागच आहे. नऊ दिवस देवळाच्या आवारात, ओवऱ्यांत, रस्त्याच्या कडेला बसून बायका गातात. एक ओळ पुढची म्हणते, बाकीच्या ती उचलतात. ज्वारीच्या सुगीत किंवा जात्यावर जे बोलले जाते तेच इथे देवीला सांगितले जाते : सासर, पाऊस, नवऱ्याची दारू, लेकराचा ताप. देवी यात बहुतेक वेळा ऐकणारीच असते, आणि तिला कधीकधी चांगले खडसावलेही जाते.

पुरुषांचे मेळे थोडे वेगळे. गावातले आठ-दहा जण एकत्र येतात. संबळ, झांज, तुणतुणे, चौंडके, आणि अलीकडे ढोलकी व पेटीसुद्धा. पुढचा गायक गाणी रचतो किंवा जुळवतो. चाल कुठूनही घेतलेली चालते. एके काळी तमाशाची, मग चित्रपटाची, आता मोबाइलवरची. शुद्धतावाद्यांना हे खटकते. पण लोकसंगीताने चाली उसन्या घेणे हा काही नवा रोग नाही. कीर्तनाने नाट्यसंगीत घेतले तेव्हा कुणी ओरडले नव्हते. मेळ्याचा खर्च मेळ्यातच भागतो. पौर्णिमेला ज्याच्या घरी गाणे, त्याच्या घरी भाकरी आणि आमटी. वाद्याचे कातडे फाटले तर वर्गणी. कुणाला मानधन नाही, म्हणून कुणाला काढूनही टाकता येत नाही. बेसूर गाणाऱ्यालाही झील धरायला जागा असते. हे नियम कुठे लिहिलेले नाहीत, पण मोडले की लगेच कळते.

येरमाळ्याची यात्रा ही या मेळ्यांची खरी पंढरी. कळंब तालुक्यातले हे गाव धुळे-सोलापूर महामार्गावर. चैत्र पौर्णिमेला डोंगरावर येडेश्वरीचे दर्शन. दुसऱ्या दिवशी पालखी खाली येते आणि वाटेतल्या रानात लाखभर माणसे वाकून चुनखडीचे खडे वेचतात. त्याच चुन्याने देवळाला रंग दिला जातो. मग पालखी आमराईत मुक्कामाला, पाच दिवस. त्या दिवसांत आमराईत आणि आसपासच्या शिवारात झाडाखाली जेवढे राहुटीचे गट, तेवढे मेळे. कुणाची पाळी लावलेली नाही. एक मेळा थांबला की दुसरा उचलतो, आणि चांगला गाणारा दिसला की शेजारची माणसे आपला मेळा सोडून तिकडे जाऊन बसतात. स्पर्धा आहे, परीक्षक तेवढे नाहीत.

या यात्रेच्या तिथीत एक अर्थकारण दडलेले आहे. कळंब, वाशी, भूम, परंडा हा कोरडवाहू पट्टा ऊसतोडीला माणसे पुरवतो. दसरा-दिवाळीच्या सुमारास टोळ्या कारखान्यांकडे जातात आणि गाळप संपले की उन्हाळ्याच्या तोंडाला परततात. म्हणजे जाण्याआधी तुळजापूर आणि परतल्यावर येरमाळा. वर्षभर विखुरलेले गाव एकत्र सापडते ते या दोन वेळी. ज्या वर्षी हंगाम लांबतो त्या वर्षी चैत्रातल्या मेळ्यात संबळ असतो आणि संबळवाला नसतो. परंपरा टिकेल की नाही याची चर्चा करणाऱ्यांनी साखर कारखान्यांचे वेळापत्रकही पाहावे.

लोहारा आणि उमरगा तालुक्यांत आणखी एक धक्का बसला. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, गणपती विसर्जन करून गावे नुकती निजली असताना भूकंप झाला. पडलेली गावे नव्या जागी, चौकोनी आखणीत वसवली गेली. जुन्या गावठाणात वेस, पार आणि देऊळ यांच्या मधल्या वाटेवर मिरवणुकीचे सगळे मान बसवलेले असतात; नव्या गावात ती वाटच नसते. मानाला जागा लागते. मेळ्याला कुठलेही अंगण पुरते.

तेर आणि उरूस यांच्याविषयी थोडक्यात. तेरचे गोरोबाकाका हा वारकऱ्यांचा प्रांत. चैत्र वद्यात समाधीचा उत्सव, टाळ-मृदंग, कीर्तन, दिंड्या. वारकरी संगीताची संघटना मजबूत आहे, आणि अखंड हरिनाम सप्ताहाने तर गेल्या काही दशकांत गावेच्या गावे बांधली. सप्त्याला वर्गणीची यादी असते, पत्रिका असते, पंगतीचा हिशेब असतो, कीर्तनकाराचे मानधन ठरलेले असते. लोकांनी चालवलेल्या संगीताचा हा सर्वांत यशस्वी नमुना म्हणायला हवा. त्याच्या यशाची झळ गोंधळाला बसली, हेही खरे : कोंबडे-बकरे आणि रात्रीचे जागरण यांपेक्षा माळकरी घराला सप्ताह सोवळा वाटतो. धाराशिवच्या उरुसात कव्वालीच्या मैफली आणि संदलची मिरवणूक. गाझींच्या दर्ग्यावर नवस बोलणाऱ्यांत परडी बाळगणारी घरेही असतात. मराठवाड्यात याचे कुणाला नवल वाटत नाही.

मंच कसा आला? एकदम आला नाही. आधी आकाशवाणी आली, मग शाहीर साबळ्यांच्या ‘महाराष्ट्राची लोकधारा’ने गोंधळ, जागरण, वासुदेव हे सगळे एका रात्रीत, प्रत्येकी काही मिनिटांत, शहरी प्रेक्षकांसमोर उभे केले. तो प्रयोग देखणा होता आणि त्याने या कलांना प्रतिष्ठा दिली. पण रात्रभराचे आख्यान सात मिनिटांत बसवायची सवयही त्यानेच लावली. विठ्ठल उमपांच्या ‘जांभूळ आख्यान’ने मात्र उलट केले, लांबी राखून रंगभूमी जिंकता येते हे दाखवले. ऐंशीच्या दशकात कॅसेट आली. आराधी गाण्यांच्या कॅसेटींनी तुळजापूरच्या दुकानांची फळकुटे भरली, आणि पहिल्यांदाच मेळ्यातल्या गायकाचे नाव छापून आले. २००९ च्या ‘जोगवा’ चित्रपटाने राष्ट्रीय पुरस्कार मिळवले. तो राजन गवस यांच्या ‘चौंडकं’ आणि ‘भंडारभोग’ या कादंबऱ्यांवर उभा आहे, म्हणजे तो यल्लम्मेचा, दक्षिण महाराष्ट्र-सीमाभागाचा आहे; तरी त्यानंतर शहरात कुणालाही आराधी दिसला की जोगती आठवू लागला. दोघांच्या हाती चौंडके असते, एवढेच साम्य.

जानेवारी २०२० मध्ये उस्मानाबादला ९३ वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले, फादर फ्रान्सिस दिब्रिटो अध्यक्ष होते. दुष्काळी जिल्ह्याने ते साधेपणाने आणि नेटाने पार पाडले. दोनच महिन्यांत टाळेबंदी आली. २०२० चे नवरात्र बंद दारांमागे झाले. राज्यातली देवळे २०२१ मध्ये पुन्हा उघडली ती घटस्थापनेच्या दिवशी, ७ ऑक्टोबरला. या दीड-दोन वर्षांनी तिन्ही खांबांची परीक्षा घेतली. मंच पूर्ण बसला, कारण प्रेक्षकाशिवाय त्याला अर्थ नाही. मान आत चालू राहिला, मोजक्या माणसांत. नवसाचे गाणे घरच्या घटापुढे चालू राहिले, आणि बऱ्याच जणांनी ते मोबाइलवरून एकमेकांना पाठवले.

२०२५ मध्ये राज्याच्या पर्यटन विभागाने तुळजापूरच्या शारदीय नवरात्राला प्रमुख पर्यटन महोत्सवांत स्थान दिले. रोषणाई, ड्रोन, मोठा मंडप, नामवंत कलाकार. त्याच वर्षी सप्टेंबरात भूम-परंड्याकडे अतिवृष्टीने पुराचे पाणी शिवारात आणि घरांत शिरले होते; उत्सवाची झगमग आणि पुराची बातमी एकाच पानावर वाचायला लागली. मोठ्या मंडपाला मी सरसकट विरोध करणार नाही. गोंधळ्याच्या मुलाला झगझगीत प्रकाशात टाळ्या मिळाल्या तर त्याला संबळ उचलावासा वाटेल, हे खरे आहे. अडचण तासांची आहे. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांनी रात्री १० नंतर ध्वनिक्षेपक बंद. सरकारला वर्षातले मोजके दिवस मध्यरात्रीपर्यंत सवलत देता येते. म्हणजे मंचावरचे लोकसंगीत संध्याकाळी सातला सुरू होऊन जेवणाच्या वेळेला आटोपते. ज्या कलांना पहाटेशिवाय शेवट नाही, त्यांना हे माप पुरत नाही. गंमत अशी की संबळाला ध्वनिक्षेपक लागतच नाही. तो कायद्याच्या कचाट्यात सापडला भवानी ज्योतीपुढे वाजणाऱ्या डीजेमुळे. कोजागरीला सोलापूरहून आणि कर्नाटकातून लाखो लोक चालत येतात. त्या रस्त्यावर मराठी, कन्नड, तेलुगू अशा तिन्ही भाषांत देवीची गाणी चालत असतात, आणि मागून एखादी गाडी येते आणि अर्धा मैल सगळ्यांना मुके करून जाते.

अभ्यासाच्या बाजूने पाहिले तर हा विषय दुर्लक्षित म्हणता येणार नाही. ग. ह. खरे यांचे ‘महाराष्ट्राची चार दैवते’, ढेऱ्यांचे ‘श्रीतुळजाभवानी’ आणि ‘मराठी लोकसंस्कृतीचे उपासक’, सरोजिनी बाबर यांनी लोकसाहित्य समितीतर्फे केलेले संग्रह, प्रभाकर मांडे यांचे मराठवाड्यातले काम, प्रकाश खांडगे यांचा खंडोबाच्या जागरणाचा अभ्यास, गी प्वातवाँ आणि हेमा राईरकर यांनी जमवलेल्या लाखाहून अधिक जात्यावरच्या ओव्या. शेल्फ भरते. पण यांतले बरेचसे लेखन देवतेचे मूळ आणि गाण्याचे शब्द यांभोवती फिरते. गाणे कोण ठरवते, पैसा कुठून येतो, भांडण कसे मिटते, बाईला पुढची ओळ म्हणू दिली जाते का, हे प्रश्न तळटीपेत राहिले. प्वातवाँ-राईरकरांनी ओवी कुणी म्हटली तिचे नाव आणि गाव प्रत्येक ओवीपुढे नोंदवले. ही शिस्त आराधी गाण्यांच्या बाबतीत पाळली गेली असती तर आज पुष्कळ भांडणे, विशेषतः गाण्याच्या मालकीची, सुटली असती.

बाहेरचे एक उदाहरण उपयोगी पडेल. आयर्लंडमध्ये १९५१ साली मलिंगर गावी पारंपरिक संगीताचा उत्सव सुरू झाला, तो आज ‘फ्ला कोल’ म्हणून ओळखला जातो. गावोगावच्या स्वयंसेवकांच्या शाखा तो चालवतात. मंचावर स्पर्धा होतात, त्यांवर टीकाही होते, की परीक्षकांच्या आवडीप्रमाणे वादन साचेबंद होत चालले. पण ज्यासाठी लोक जातात ते रस्त्यावर आणि पबमध्ये जमणारे बिनपरीक्षकांचे वादन, आणि आयोजकांना हे ठाऊक असल्यामुळे ते त्याच्या वाटेत येत नाहीत. येरमाळ्याची आमराई आणि मलिंगरचा रस्ता यांत फरक एवढाच की आमराईला कुणी अजून उत्सवाचा भाग मानलेले नाही; तिथे पोलीस बंदोबस्त असतो, पाण्याचा टँकर असतो, आणि गाणे आपोआप होते असे धरून चालतात.

शेवटी मुद्दा पैशाचा. ज्येष्ठ कलावंतांसाठी राज्य सरकारची मानधन योजना आहे. राजर्षी शाहू महाराजांच्या नावाने ती चालते आणि दरमहा ५,००० रुपये देते. अर्जासोबत कलाक्षेत्रातल्या कामाचे पुरावे जोडावे लागतात : प्रमाणपत्रे, कात्रणे, कार्यक्रमपत्रिका. मंचावरच्या गायकाकडे हे सगळे असते. गोंधळ्याकडे थोडेफार असते. चाळीस वर्षे पौर्णिमेला गाणाऱ्या आराधी बाईकडे काय असणार? तिला कुणी हार घातलेला नाही, कारण तिने कार्यक्रम केलेलाच नाही. या योजनेच्या जिल्हा समितीने मनात आणले तर एक गोष्ट सहज करता येईल. येरमाळ्याच्या आमराईत पाच दिवस दोन माणसे वही घेऊन बसवावीत. कोणत्या गावचा मेळा, पुढे कोण गाते, झीलकरी कोण, किती वर्षांपासून, एवढे लिहून घ्यावे, गावच्या चार माणसांच्या सह्या घ्याव्यात आणि तीच नोंद अर्जाला पुरावा म्हणून धरावी. अणदूर आणि नळदुर्गचे मानकरी दरवर्षी याहून अवघड कागद करतात.